‘त्या’ मुलाविरुद्धच्या अर्जावर सही करू का?

‘ताई, धनकवडीला राहते. मुलगी तिसरीत आहे, जवळच्याच मराठी शाळेत. तिच्या वर्गात एक मुलगा आहे, आमच्याच सोसायटीतला, आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतो. तो सगळ्यांना मारतो. माझ्या मुलीच्या बोटांवर कंपासपेटी आपटली, नख काळंनिळं झालं. कुणाच्या डब्यात थुंकतो, पाण्याच्या रांगेत कुणाचा धक्का लागला की थेट गळाच धरतो. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलंय की मुख्याध्यापकांना सह्यांचा अर्ज द्यायचा, याला दाखला देऊन काढा म्हणून. सगळ्यांच्या सह्या झाल्यात, माझी राहिलीय. कारण रात्री त्याच्या घरात काय चालतं ते मला स्वयंपाकघराच्या डक्टमधून ऐकू येतं. आधी पट्ट्याचा आवाज, मग त्याचा. दिवाळीच्या सुट्टीत खाली खेळत होता तेव्हा पोटऱ्यांवर मागून वळ दिसले. विचारलं तर म्हणाला, सायकलवरून पडलो. मिस्टर म्हणतात, दुसऱ्याच्या घरात आपण पडायचं नाही. सासूबाई म्हणतात, आम्ही काय मार न खाता मोठे झालो? सही करू की नको? कुणाला सांगितलं तर पोराला उचलून नेतील का? त्याच्या वडिलांना कळलं तर? आणि हा मुलगा आता असाच राहणार का? माझी मुलगी म्हणते, आई, तो मारतो आणि मग स्वतःचा खोडरबर देतो.’
— एक आई, धनकवडी

नमस्कार,

सही करू नका, आणि 1098 वर फोन करा. हे आधीच सांगून टाकते, कारण सगळ्यांच्या सह्या झाल्यात म्हणजे अर्ज आता कधीही जाईल. पुढचं लिहितेय ते तुम्हाला पटवायला नाही, तुम्हाला ते पत्र लिहितानाच पटलेलं दिसतंय. पण घरात दोन माणसं वेगळं म्हणतायत, ग्रुपवर अख्खा वर्ग वेगळं म्हणतोय. त्यांच्यापुढे बोलताना तुमच्या हाताशी काहीतरी असावं, म्हणून हे सविस्तर.

अर्जापासून सुरू करू. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. 2019 मध्ये या कलमात बदल झाला आणि पाचवी-आठवीला मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्यावरची बंदी आहे तशीच राहिली. म्हणजे ग्रुपने जे मागितलंय ते मुख्याध्यापक कायद्याने देऊच शकत नाहीत. मग ते काय करतील? वडिलांना बोलावतील. सह्यांचा कागद टेबलावर ठेवतील आणि म्हणतील, बघा, लोक काय म्हणतायत तुमच्या मुलाबद्दल. त्या रात्री वरच्या घरात काय होईल, हे अर्ज लिहिणाऱ्यांना माहीत नाही. तुम्हाला आहे.

शाळेतून घरी गेलेली तक्रार मुलाच्या अंगावर कशी उमटते, यावर अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात एक अभ्यास झाला. 2015-16 या शैक्षणिक वर्षात पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना मारहाण झाल्याची, चौकशीत खरी ठरलेली प्रकरणं घेतली आणि ती प्रगतिपुस्तकं वाटण्याच्या तारखांशी ताडून पाहिली. प्रगतिपुस्तक शुक्रवारी मिळालं असेल तर लगेचच्या शनिवारी अशी प्रकरणं इतर शनिवारांच्या जवळजवळ चौपट होती. आपल्याकडे प्रगतिपुस्तक वर्षातून दोनदाच येतं, पण डायरीतला लाल शेरा रोज येऊ शकतो. ‘आज वर्गात मारामारी केली. पालकांनी नोंद घ्यावी.’ बाईंचा हेतू चांगलाच असतो. पालक नोंद घेतात, पट्ट्याने. दुसऱ्या दिवशी मूल आणखी फणफणत वर्गात येतं, आणखी एकाला मारतं, आणखी एक शेरा. तुमच्या वर्गातल्या सगळ्या प्रकरणाची गोम माझ्या मते इथे आहे. घर आणि वर्ग एकमेकांना सरपण पुरवतायत, आणि सह्यांचा अर्ज ही त्यातली सर्वात मोठी मोळी असेल.

आता तो असा का वागतो. पाण्याच्या रांगेतला प्रसंग तुम्ही लिहिलाय, तोच घेऊ. मागून कुणाचा तरी धक्का लागतो. तुमची मुलगी वळून बघेल, ‘ए, ढकलू नको ना’ म्हणेल आणि विसरून जाईल. कारण तिच्या आयुष्यात मागून लागलेला धक्का हा बहुतेक वेळा नुसता धक्काच असतो. त्याच्या आयुष्यात मागून जे काही येतं ते मारायला येतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि हे पोरगं तर रोज पोळतंय. केनेथ डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये 309 मुलांवरचं काम प्रसिद्ध केलं. शाळेत जायच्या आधी घरी कुणाला मार बसला होता ते त्यांनी आयांशी बोलून नोंदलं, आणि मग बालवर्गात ती मुलं कशी वागतात ते पाहिलं. घरी मार खाल्लेली मुलं वर्गात जास्त हाणामारी करत होती. शिवाय साध्या, दोन्ही अर्थ निघू शकतील अशा प्रसंगातही ‘यानं मुद्दाम केलं’ असाच अर्थ ती काढत होती. घरची गरिबी, मुलाचा मूळचा स्वभाव असल्या गोष्टी हिशेबात धरल्या तरीही हा फरक उरत होता.

सेथ पोलॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी याच्याही अलीकडचं काहीतरी शोधलं. प्राथमिकच्या वयाच्या मुलांना ते पडद्यावर चेहरे दाखवत. चेहरा आधी अगदी पुसट, मग टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत जाणारा. आनंदी चेहरा ओळखायला मार खाणाऱ्या मुलांना इतरांइतकाच वेळ लागायचा. रागीट चेहरा मात्र तो धुरकट असतानाच ती ओळखायची. घरी ही नजर मुलाला वाचवते, कारण बाबांची भुवई हलली की पलंगाखाली जायचं असतं. वर्गात तीच नजर त्याला गोत्यात आणते, कारण तिथे चाळीस चेहरे आहेत आणि त्यातला कुठला ना कुठला सतत आठ्या घालूनच असतो. कुणाला गणित येत नसतं, कुणाला भूक लागलेली असते. याला वाटतं, माझ्यावरच चिडलाय.

एक गोष्ट पाहायची असेल तर बाईंना सांगा. तो बाकावर लिहीत असताना त्याच्या डोक्यावरून काही घ्यायला कुणी हात वर केला, तर तो काय करतो ते बघा. घरी मार बसणारं मूल बहुतेक वेळा मान आत घेतं, खांदे कानाशी जातात, पेन्सिल धरलेला हात चेहऱ्यापुढे येतो. पाव सेकंदाचा खेळ असतो, आणि लगेच ते काही झालंच नाही असं दाखवतं. दंगेखोर म्हणून नाव झालेल्या मुलात हे कुणी शोधायला जात नाही.

वळांबद्दल तुम्हाला शंका आली, ती बरोबर आहे. सायकलवरून पडलं की गुडघे, कोपर, तळहात, हनुवटी अशा पुढे आलेल्या हाडांच्या जागा सोलवटतात. पोटरीच्या मागच्या मांसल भागावर वळ उठत नाहीत.

हे सगळं लिहिताना एक धोका दिसतो, तो सांगून ठेवते. प्रत्येक मारकुट्या मुलाला घरी मार बसतो असं नाही. कुणाला ऐकू कमी येतं, कुणाला एका जागी बसणंच जमत नाही, कुणाला अक्षरं ओळखता येत नाहीत आणि त्याची लाज तो हाताने काढतो. उद्या तुमच्या ग्रुपने हे वाचून वर्गातल्या चार घरांवर संशय घेऊ नये. तुमच्याकडे डक्टमधला आवाज आहे आणि डोळ्यांनी पाहिलेले वळ आहेत, म्हणून मी एवढं ठामपणे लिहितेय.

आणि उलटंही खरं आहे. मार खाणारं प्रत्येक मूल मारकुटं होत नाही. काही गप्प होतात. तशीच ज्यांना मार बसत नाही, पण कुणी विचारतही नाही, जेवलीस का, कुठे होतीस, असं ज्यांना कुणीच म्हणत नाही, ती मुलं मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभी राहतात. खेळात घेतलं तरी दोन मिनिटांत बाहेर पडतात. काही जणी तर अती शहाण्या होतात. बाईंचा फळा पुसतील, वह्या गोळा करतील, आणि कुणीही जरा गोड बोललं की त्याच्या मागे चालू लागतील. शेवटचा प्रकार फार धोक्याचा असतो. अशा मुलीबद्दल कुणी अर्ज लिहीत नाही, ‘किती गुणी’ म्हणून तिला बक्षीस मिळतं. तुमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा निदान आरडाओरडा तरी करतोय.

आता वर्गाने त्याला टाकण्याबद्दल. अमेरिकेत बोल्जर आणि पॅटरसन या संशोधकांनी मुलांचा काही वर्षं पाठपुरावा केला. घरातला छळ जितका जास्त काळ चाललेला, तितकं ते मूल सवंगड्यांना नकोसं होण्याची शक्यता जास्त, आणि ते नकोसं होण्यामागे मुख्यतः त्याचं भांडखोर वागणं, असं त्यांना दिसलं. त्याच कामातून दुसरीही गोष्ट पुढे आली. अशा मुलांपैकी ज्यांना एक तरी खरा, दोन्ही बाजूंनी जमलेला मित्र होता, त्यांचं स्वतःबद्दलचं मत काळाबरोबर सुधारत गेलं. वर्गभर लोकप्रिय व्हायची गरज नव्हती. एक पुरे होता.

तो खोडरबर म्हणून महत्त्वाचा आहे. एक ते तीन वर्षांच्या, घरी मार खाणाऱ्या बाळांवर मेरी मेन आणि कॅरल जॉर्ज यांनी पाळणाघरात केलेलं निरीक्षण प्रसिद्ध आहे. शेजारचं बाळ रडायला लागलं की इतर बाळं कावरीबावरी होत, जवळ जात, बघत राहत. मार खाणाऱ्या बाळांपैकी एकानेही तशी काळजी दाखवली नाही. ती घाबरत, चिडत, काही जण रडणाऱ्यालाच फटका मारत. गट छोटा होता, पण वाचून पोटात कालवतं. तुमच्या मुलीच्या वर्गातला मुलगा त्याच्या पुढे गेलेला आहे. मारल्यावर त्याला कळतं की समोरचीला लागलं, आणि माफी मागायची भाषा कुणी शिकवलेली नसल्यामुळे तो हातातली वस्तू देऊन टाकतो. हे बाईंना नक्की सांगा. त्याच्याबद्दल शाळेत लिहिल्या गेलेल्या कुठल्याच शेऱ्यात हे आलेलं नसणार.

पण याचा अर्थ तुमच्या मुलीने त्याची मैत्रीण व्हावं असा मी काढत नाही. आठ वर्षांच्या मुलीवर ती जबाबदारी टाकू नका. तिचं नख काळंनिळं झालंय आणि तिला वर्गात निर्धास्त बसण्याचा हक्क आहे. तिची जागा बदलून घ्या, हे बाईंकडे स्पष्ट मागा. तिला सांगा, मारलेलं चालणार नाही हे मोठ्याने म्हणायचं आणि लगेच बाईंकडे जायचं. ते चहाडी करणं नव्हे. खोडरबर घ्यायचा की नाही हे तिचं तिला ठरवू द्या. त्याच्या घरी काय चालतं हे तुम्ही तिला सांगू नका, उद्या वर्गात भांडणात तिच्या तोंडून ते निघेल. तिने विचारलंच, आणि वरचे आवाज तिलाही ऐकू येत असतील तर ती विचारेलच, तर ‘ते चुकीचं आहे, आणि आम्ही मोठी माणसं त्याचं बघतोय’ एवढं पुरे. अर्थात मग खरंच बघायला हवं.

ते कसं बघायचं? 1098 ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालणारी. 1996 मध्ये मुंबईत सुरू झाली, आता शासनाचा महिला व बाल विकास विभाग ती चालवतो आणि ती 112 या आपत्कालीन नंबरला जोडलेली आहे. फोनवर तुम्हाला काहीही सिद्ध करायचं नाही. मुलाचं नाव, अंदाजे वय, इयत्ता, शाळा, पत्ता, आणि तुम्ही काय ऐकलं, काय पाहिलं, कधी. ‘मला वाटतं’ आणि ‘मी ऐकलं’ हे वेगवेगळं सांगा. एका वहीत तारखा टाकून ठेवल्या असतील तर उत्तम, नसतील तर आजपासून टाका. तुमचं नाव गुप्त ठेवा, असं फोनवरच स्पष्ट सांगा. आणि एखाद्या रात्री वर मारहाण चालूच असेल आणि जिवाला धोका वाटला, तर त्या क्षणी 112. पुणे पोलिसांचा महिला, मुलं आणि ज्येष्ठांसाठीचा भरोसा सेलही आहे, पण सुरुवात 1098 पासूनच करा. ते लोक मुलांशी बोलायला शिकलेले असतात.

उचलून नेतील का, ही भीती बहुतेक सगळ्यांना असते आणि तिच्यापायी फोन राहून जातो. बाल न्याय कायदा 2015 मध्ये मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं तत्त्व म्हणूनच लिहिलेलं आहे. तुमच्या फोननंतर माहिती जिल्हा बाल संरक्षण यंत्रणेकडे आणि गरज पडली तर बाल कल्याण समितीकडे जाते. या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत निदान एक स्त्री असावीच लागते, आणि समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. घरी भेट, चौकशी, आईवडिलांचं समुपदेशन, पुन्हा भेट, असा साधारण प्रवास असतो. मूल घरात सुरक्षितच नाही असं दिसलं तरच दुसरा विचार होतो. त्याच कायद्याच्या कलम 75 मध्ये ताब्यातल्या मुलाला क्रूरपणे वागवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत, आणि आईबाप त्यातून आपोआप सुटत नाहीत.

वडिलांना कळेल का? तुमचं नाव त्यांना सांगितलं जाणार नाही. पण खालच्या मजल्यावरच्यांनीच सांगितलं असणार, असा तर्क ते लढवतील. हे तुमच्यापासून लपवत नाही. म्हणूनच शाळेकडूनही माहिती जायला हवी, म्हणजे बोट एकाच दाराकडे वळणार नाही. मुख्याध्यापकांना एकटं भेटा, ग्रुप घेऊन नको. महाराष्ट्रात 2022 पासून प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी, तिचं काम हेच आहे. तुमच्या शाळेत ती कागदावर आहे की खरी आहे, हे विचारल्यावर लगेच कळेल. विचाराच.

दोन गोष्टी मात्र करू नका. त्याचे फोटो काढू नका, आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. चार चांगल्या माणसांच्या मोबाइलमधून ते संध्याकाळपर्यंत वडिलांपर्यंत पोचेल. आणि त्याला जिन्यात गाठून खोदून खोदून विचारू नका. विचारणं हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे. तो आपणहून बोलला तर ऐका, ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ म्हणा, आणि ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला मोडावं लागेल.

तुमच्या पत्रात लैंगिक छळाबद्दल काही नाही. पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवते, तशी नुसती कुणकुण असली तरी 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली कळवणं ऐच्छिक उरत नाही. शेजारी असो, शिक्षक असो, माहिती असून न कळवणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेचा. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

बाईंशी बोलाल तेव्हा पहिली मागणी एकच करा: डायरीत शेरा नको. जे सांगायचं ते त्यालाच सांगा, शांत आवाजात, बाजूला घेऊन. बाकीच्या गोष्टी बाईंना बहुधा माहीत असतील, पण आठवण करून द्यायला हरकत नाही. त्याला भिंतीकडे पाठ करून, दार दिसेल असं बसवलं तर मागून येणाऱ्या धक्क्यांची धास्ती कमी होते. दिवसभरात काय काय होणार ते सकाळीच फळ्यावर लिहिलं तर अशा मुलांना बरं पडतं, अचानकपणा त्यांना झेपत नाही. पाण्याच्या रांगेत तो सर्वात शेवटी उभा राहिला तर मागून ढकलणारंच कुणी उरत नाही. इतका साधा उपाय कधीकधी महिनाभराच्या मारामाऱ्या वाचवतो. वर्गाबाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर कान धरायला लावणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने तसंही बंद केलंय. पण कायद्याचं सोडा, या मुलाला त्यातून इतकंच कळतं की इथेही घरच्यासारखंच आहे.

सासूबाईंना काय सांगायचं? वाद घालू नका. त्यांच्या वेळी खरंच मार होता, आणि आताही आहे. केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. दर तीन मुलांतल्या दोघांना शारीरिक मार बसत होता. घरात मार खाणाऱ्यांपैकी 88.6 टक्क्यांना तो आईवडिलांकडूनच बसत होता. म्हणजे सासूबाई सांगतात ते काही जगावेगळं नाही. फक्त त्यांना विचारा, पट्ट्याने, रोज, आणि आदल्या दिवशी जे चाललं त्यासाठीच दुसऱ्या दिवशी, असा मार त्यांनी खाल्ला का? आणि त्यांना मार बसल्यावर पदराखाली घेणारी आजी किंवा काकू घरात होती का? बहुतेक होती. या मुलाच्या घराला फक्त एक बंद दार आहे.

मिस्टरांचं म्हणणं मला जास्त खटकलं. आपल्या सोसायट्यांमध्ये पार्किंगच्या पट्ट्याबाहेर कुणाचं चाक गेलं की नोटीस बोर्डावर दुसऱ्या दिवशी सुवाच्य अक्षरात निषेध लागतो. दुसऱ्याच्या घरातल्या गळतीवर, कुत्र्यावर, रात्री लावलेल्या मिक्सरवर आपण पडतोच. मूल मारलं जातं तेव्हाच ते दुसऱ्याचं घर कसं होतं? रागावतील तर माझं नाव सांगा.

तो असाच राहील का, याचं उत्तर बऱ्यापैकी आशेचं आहे. हवाईतल्या कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, दारू, भांडणं, आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धड, प्रेमळ, कर्तबगार माणसं झाली. त्यांच्यात जे समान होतं त्यात एक गोष्ट ठळक होती: निदान एक मोठं माणूस त्यांच्या बाजूने ठामपणे उभं होतं, आणि ते आईवडीलच असावेत असं नव्हतं. आजोबा होते, शिक्षक होते, शेजारी होते. उरलेल्या दोन तृतीयांशांचं काय, असं तुम्ही विचाराल, आणि तो प्रश्न रास्त आहे. म्हणून तर मार आधी थांबायला हवा. बाकीचं त्यानंतर.

तो थांबल्यावरही वागणं लगेच बदलत नाही, काही वेळा थोडे दिवस वाढतंसुद्धा. तेव्हा ग्रुप पुन्हा म्हणेल, बघा, आम्ही म्हणत होतो. तयारी ठेवा. त्याला उपचाराची गरज पडली तर ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे, खासगी खर्च न झेपणाऱ्यांसाठी तो मोठा आधार आहे. आणि हार-जीत नसलेल्या खेळांची जागा हवी असेल तर सारसबागेजवळचं गरवारे बालभवन. सोसायटीत तुम्हाला स्वतःला काही करायचं असेल तर त्याला काम द्या. खालच्या मुलांत क्रिकेट चाललं की गुण लिहायची वही त्याच्या हातात ठेवा. आरतीला टाळ त्याच्याकडे. हातात काम असलं की तो सगळ्यांत असतो, आणि हाणामारीची वेळ टळते. तो खाली आला की नावाने हाक मारा, आणि हाक मारताना त्याच्या मागे नाही, समोर उभ्या राहा.

त्याच्या आईबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिलेलं नाही, हे पत्र दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं. डक्टमधून तिचा आवाज कधी येत नाही का? जिथे मुलाला पट्ट्याने मारलं जातं, तिथे बाईलाही मार बसत असणं अगदी शक्य आहे, आणि ती मध्ये का पडत नाही याचं उत्तर तिथे असू शकतं. तिच्याशी बोलायला जाऊन पहिल्याच भेटीत हा विषय काढू नका. भाजीच्या गाडीवर भेटते, पाण्याच्या टँकरवरून बोलणं होतं, तेवढी ओळख वाढू द्या, तीही वडील घरात नसताना. ती स्वतः बोलली तर 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये वेगळ्या नावाने सेव्ह करून द्या, आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो, घर सोडावंच लागतं असं नाही, हे सांगा. अनेक जणी तेवढ्या एका गैरसमजापायी वर्षानुवर्षं गप्प राहतात. पण 1098 चा फोन तिच्या होकारासाठी थांबवू नका. तो आजच करा.